स्तुतीच्या घरातली खुशामत

रविवारची उपासना संपते. शेवटचे गीत होते, आशीर्वाद दिला जातो आणि पाळकसाहेब पांढऱ्या झग्यातच झपझप चालत चर्चच्या दाराशी येऊन उभे राहतात. मग एकेक कुटुंब बाहेर पडू लागते. ‘जय ख्रिस्त’ म्हणून हात मिळवला जातो आणि पाठोपाठ एक वाक्य ठरल्यासारखे येते, ‘‘साहेब, आजचा संदेश फारच छान झाला!’’ मागच्या बाकावर ज्यांचा डोळा लागला होता तेही हेच म्हणतात. ज्या आजींना दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नाही त्याही म्हणतात. आणि ज्यांना संदेश मुळीच पटलेला नाही ते जरा जास्तच जोरात म्हणतात. पाळकसाहेब हसून ‘देवाची कृपा’ असे उत्तर देतात. पाच मिनिटांनी त्यातलेच एक कुटुंब स्कूटरवरून घरी निघालेले असते. नवरा म्हणतो, ‘‘आज फारच लांबवलं यांनी.’’ मागून बायको म्हणते, ‘‘आणि गोष्ट तीच, मागच्या नाताळातली!’’ स्कूटरवर पुढे उभा असलेला सहा वर्षांचा मुलगा दोन्ही वाक्ये ऐकतो. दारातले आणि स्कूटरवरचे.

यात कुणाचे काय बिघडले, असे कुणीही विचारील. चार गोड शब्द बोलायला पैसे पडत नाहीत आणि पाळकालाही बरे वाटते. तसे पाहिले तर हा शिष्टाचाराचा भाग आहे. पाहुण्याच्या घरी भाजी खारट झाली तरी आपण ‘झकास’ म्हणतोच की! पण त्या पाळकाच्या जागी आपण क्षणभर उभे राहून पाहावे. आठवडाभर खपून त्याने संदेश तयार केला. तो कुणाच्या काळजाला भिडला, कुणाच्या डोक्यावरून गेला, कुणाला दुखवून गेला, यातले त्याला काहीच कळत नाही. दीडशे माणसांनी त्याला ‘छान’ म्हटले आणि त्या दीडशे शब्दांतून त्याला एकही बातमी मिळाली नाही. वर्षानुवर्षे असेच चालले तर त्या माणसाचे काय होत असेल?

ख्रिस्ती समाजाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्याकडे चर्च म्हणजे इमारत आणि मंडळी म्हणजे त्या इमारतीत जमणारी माणसे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत आले आणि 1831 साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांनी बस्तान बसवले. त्या कामातून नगर जिल्ह्याच्या खेडोपाडी मंडळ्या उभ्या राहिल्या. पुढे 1970 साली नागपूरला निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांचे एकत्रीकरण होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, त्यात यातल्या बऱ्याचशा मंडळ्या आल्या. साधारण मंडळी शंभर-दीडशे कुटुंबांची असते. तिचा एक पाळक असतो, सभासदांनी निवडलेली कमिटी असते, सेक्रेटरी असतो, खजिनदार असतो. महिला मंडळ, तरुण संघ, मुलांची संडे स्कूल हा संसार वेगळाच. तीन-तीन पिढ्यांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि अंत्यविधी त्याच छपराखाली झालेले असतात. कुणाची आजी कुणाच्या आजोबांना काय बोलली होती, हेसुद्धा सगळ्यांना ठाऊक असते.

अशा ठिकाणी शब्दाला फार वजन येते. कचेरीत साहेबाची हांजी हांजी केली तरी तीन वर्षांनी साहेब बदलून जातो, नवा येतो. मंडळीतला माणूस कुठे जाणार? ज्याच्याशी आज तोंडदेखले बोललो तोच उद्या आपल्या मुलीच्या लग्नात वाढायला उभा राहतो आणि परवा आपल्या शवपेटीला खांदाही तोच देतो. म्हणूनच तर माणसे खरे बोलायला कचरतात. उगाच वाईटपणा कशाला घ्या, असे म्हणतात. आता तर मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणी काही टाकले की जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागते. त्या रांगेत आपले हात दिसले नाहीत तर कुणाच्या मनात काय येईल, या धास्तीने आपणही ते जोडून टाकतो.

खुशामतीला आपल्या मराठीत शब्दांची काही कमतरता नाही. तोंडपुजेपणा आहे, लाळघोटेपणा आहे, मस्का लावणे आहे, हरभऱ्याच्या झाडावर चढवणे आहे. संस्कृतातून आलेला लांगूलचालन हा भारदस्त शब्द आहे आणि त्याचा सरळ अर्थ शेपूट हलवणे असा आहे. या सगळ्या शब्दांत हसू आहे ते खुशामत करणाऱ्याचे. लाळ घोटतो तो, शेपूट हलवतो तो. ज्याची खुशामत होते त्याचे काय होते, हे फक्त हरभऱ्याच्या झाडाला ठाऊक आहे. ते झाड गुडघाभर उंचीचे असते, हे वर चढवलेल्या माणसाला पडल्यावरच समजते.

बायबलचा रोख नेमका या दुसऱ्या माणसाकडे आहे. नीतिसूत्रे नावाच्या पुस्तकात खुशामतीला जाळ्याची उपमा दिलेली आहे. शेजाऱ्याशी लाडीगोडीचे बोलणे म्हणजे त्याच्याच पावलांपुढे जाळे पसरणे, असा तिथला भाव आहे. जाळे टाकणारा हसत उभा राहतो आणि पाय अडकतो तो दुसऱ्याचा. म्हणजे ख्रिस्ती विचारात खुशामत हा केवळ स्वाभिमान गहाण टाकण्याचा प्रकार नाही, तो शेजाऱ्याविरुद्धचा अपराध आहे. आपण ज्याच्यावर प्रीती करायची, त्यालाच आपण आंधळे करून सोडतो. त्याच पुस्तकात आणखी दोन गोष्टी आहेत. मित्राने केलेली जखम भरवशाची असते, ही एक. आणि सोन्यारुप्याची पारख जशी मुशीत होते, तशी माणसाची पारख त्याच्या वाट्याला आलेल्या स्तुतीत होते, ही दुसरी. संकटात माणूस ओळखावा असे आपण नेहमी म्हणतो. तो टाळ्यांच्या कडकडाटातही ओळखता येतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

येशूच्या चरित्रात हा कडकडाट आहे. परूशी आणि हेरोदाच्या पक्षाचे लोक त्याला पेचात पकडायला येतात, तेव्हा सुरुवात कशाने करतात? तुम्ही खरे बोलणारे, कुणाची भीडमुर्वत न धरणारे, अशी त्याची भरघोस तारीफ करून. आणि तारीफ संपताच प्रश्न टाकतात : कैसराला कर द्यावा की देऊ नये? ‘द्या’ म्हणावे तर लोक चिडणार, ‘देऊ नका’ म्हणावे तर रोमन सत्ता धरून नेणार. गंमत अशी की त्यांनी केलेल्या तारिफेतला शब्दन्‌शब्द खरा होता. खुशामतीला खोटे बोलावेच लागते असे नाही. खऱ्या गोष्टीही जाळ्याच्या दोऱ्यासारख्या वापरता येतात. सगळे जग तुमच्याबद्दल चांगलेच बोलू लागले तर सावध व्हा, अशा अर्थाचा इशारा येशूने शिष्यांना दिलेला आहे. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने तो टेबलावरच्या काचेखाली ठेवावा.

मग सभ्यपणे बोलायचेच नाही काय? बायबलात ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एक कोर्टातला प्रसंग आहे, तो मला या बाबतीत फार बोलका वाटतो. पौलाला पकडून फेलिक्स या रोमन सुभेदारापुढे उभे केले आहे. फिर्यादींनी तिर्तुल्ल नावाचा वकील दिला आहे. तो उठतो आणि आपल्या कारकिर्दीत केवढी शांतता नांदते आहे, आपल्या दूरदृष्टीने देशात किती सुधारणा झाल्या, आम्ही किती ऋणी आहोत, असे गुऱ्हाळ सुरू करतो. मग पौलाची पाळी येते. तोही सुरुवात अदबीनेच करतो. पण तो एवढेच म्हणतो, की आपण पुष्कळ वर्षे या लोकांचे न्यायाधीश आहात, म्हणून मी आनंदाने माझी बाजू मांडतो. ही गोष्ट खरी होती आणि खटल्याशी संबंधित होती. त्यापुढे त्याने एक शब्दही वाढवला नाही. आणखी एक तपशील तिथेच आहे. फेलिक्सला पौलाकडून पैसे मिळण्याची आशा होती आणि त्यापायी त्याने पौलाला दोन वर्षे कैदेत ठेवले. अदब आणि खुशामत यांतला फरक काय, असे कुणी विचारले तर मी हे दोन ‘मायबाप सरकार’ त्याच्यापुढे ठेवीन. एक वकिलाचा, एक कैद्याचा.

हे झाले राजदरबारातले. खुद्द मंडळीतल्या खुशामतीवर बोट ठेवले आहे ते याकोबाने. त्याच्या पत्रात एक चित्र आहे. सभेत एक माणूस बोटात सोन्याची अंगठी आणि झुळझुळीत वस्त्रे घालून येतो, दुसरा मळक्या कपड्यांत येतो. पहिल्याला लगबगीने चांगली जागा दाखवली जाते आणि दुसऱ्याला तिकडे उभा राहा, नाहीतर पायाशी बस, असे सांगितले जाते. याकोब विचारतो, हा भेदभाव तुम्ही कसा केलात? हे पत्र पहिल्या शतकातले मानले जाते. पण आमच्या नाताळच्या कार्यक्रमाला कुणीही यावे आणि पाहावे. पुढे सोफा मांडलेला असतो. त्यावर प्रमुख पाहुणे, त्यांचे स्नेही, देणगीदार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. दाराशी फ्लेक्सच्या फलकावर येशूबाळ एका कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांचे चेहरे त्याच्यापेक्षा मोठे. ज्या मंडळ्या बहुतांशी गावकुसाबाहेरच्या माणसांनी उभ्या केल्या, ज्यांच्या आज्या-पणज्यांना इथे पहिल्यांदा इतरांच्या बरोबरीने जाजमावर बसायला मिळाले, त्यांच्याच नातवंडांनी असा सोफा मांडावा याचे मला वाईट वाटते.

कापणीच्या सणाचेही असेच. हा आमच्या वर्षातला मोठा रंगतदार दिवस. शेतातले पहिले पीक, घरातली वस्तू देवाला वाहायची. बाजरीची कणसे, भोपळे, पेरूच्या टोपल्या, अंडी, करंज्यांचे डबे, एखादा पाय बांधलेला कोंबडा. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो. लहान मुले कोंबड्याभोवती जमतात, कुणीतरी मुद्दाम बोली चढवतो, हशा पिकतो. ती मजा कुणी घालवू नये. पण ध्वनिक्षेपकावर बसलेल्या माणसाच्या आवाजाकडे लक्ष द्यावे. अमुक साहेबांनी दिलेला भोपळा आला की आवाजात तबला वाजू लागतो. कुठल्याशा विधवाबाईने दिलेली सहा अंडी आली की, ‘‘हं, अंडी. बोला लवकर.’’ येशू मंदिरातल्या दानपेटीसमोर बसून कोण काय टाकतो ते पाहत होता आणि दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे दान त्याने सर्वांत मोठे ठरवले, ही गोष्ट आम्ही संडे स्कूलपासून ऐकतो. लिलावाच्या दिवशी मात्र ती विसरतो.

पाळक आणि खुशामत हा संबंधही जुनाच आहे. चौथ्या शतकात अंत्युखिया नगरात योहान नावाचा एक धर्मगुरू होता. त्याच्या वक्तृत्वामुळे पुढे लोक त्याला ‘ख्रिसोस्तोम’, म्हणजे ‘सोन्याच्या मुखाचा’, म्हणू लागले. त्या काळी उपदेश आवडला की लोक चर्चमध्येच टाळ्या पिटत. योहानाला हे खुपत असे. टाळ्या ऐकताना आपल्याला सुख होते आणि घरी गेल्यावर लोकांच्या वागण्यात फरक पडला नाही हे आठवून दुःख होते, असे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. एकदा तर त्याने, यापुढे उपदेशात टाळ्या वाजवायच्या नाहीत असा नियमच करू या, असे भर सभेत सांगितले. आणि लोकांनी त्या वाक्यालाही टाळ्या वाजवल्या! धर्मगुरूपणावर त्याने लिहिलेल्या ग्रंथात उपदेशकाने स्तुतीची चटक लावून घेऊ नये, हा एक मोठाच विषय आहे. 398 साली तो राजधानी कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्मगुरू झाला. तिथे त्याने दरबाराच्या ऐषआरामावर कोरडे ओढले, सम्राज्ञीची मर्जी गेली, त्याला हद्दपार केले गेले आणि 407 साली वाटेतच त्याचा अंत झाला. सोन्याचे मुख होते, पण ते मस्का लावायला त्याने वापरले नाही.

तेराव्या शतकातला मोठा ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याने खुशामतीचा विचार अगदी हिशेबनिसाच्या शिस्तीने केला आहे. माणसांनी एकमेकांशी स्नेहाने वागावे हा सद्‌गुण, असे तो धरतो. या सद्‌गुणाचे दोन बाजूंनी दोन दुर्गुण होतात. प्रत्येकाला प्रत्येक बाबतीत खूश करण्याचा हव्यास ही खुशामत. आणि प्रत्येक गोष्टीत आडवे लावणे हे भांडखोरपण. म्हणजे खुशामत आणि भांडण ही एकाच घरची दोन दारे आहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या या मांडणीचा पडताळा आमच्या मंडळ्यांत रोज येतो. आठ-दहा वर्षे एखाद्याची वाहवा चालते. त्याचे लहानसहान चुकलेले कुणी त्याला सांगत नाही. मनात मात्र प्रत्येक जण नोंद ठेवतो. मग एके दिवशी कमिटीच्या निवडणुकीत ठिणगी पडते आणि दहा वर्षांची थकबाकी व्याजासकट बाहेर येते. कालचे देवमाणूस आज चोर ठरते. मंडळी दोन बाजूंना बसू लागते, अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात, तारखा पडतात. पहिल्याच वर्षी कुणी चहा घेता घेता ‘‘दादा, हे जरा असं करून पाहा’’ म्हटले असते, तर ते कागद लिहावे लागले नसते.

यात पैशाचा विषय आला की खुशामत फारच महाग पडते. मी तीसेक वर्षे बँकेत काढली. बँकेतल्या रोकड तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक कॅशियरकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याखेरीज तिजोरी उघडत नाही. कॅशियर चोर आहे म्हणून ही पद्धत घातलेली नसते. उद्या चार नोटा कमी भरल्या तर प्रामाणिक माणसावर आळ येऊ नये, हाही तिचा हेतू असतो. मंडळीत मात्र हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे मानले जाते. ‘‘भाऊंचा हिशेब काय तपासायचा! भाऊ म्हणजे भाऊ!’’ असे म्हटले की टाळ्या पडतात. वास्तविक 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे बंधनकारकच आहे. आणि कायद्याच्या किती आधी पौलाने हेच केले होते! यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यांतून वर्गणी गोळा झाली, तेव्हा ती त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने बरोबर घेतली. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी दोष देऊ नये, आणि देवाप्रमाणे माणसांच्या नजरेतही व्यवहार स्वच्छ दिसावा, हे त्याने करिंथच्या लोकांना कळवून ठेवले आहे.

एका लहानशा मंडळीचे म्हातारे खजिनदार माझ्या पाहण्यात होते. पेशाने प्राथमिक शिक्षक, सुवाच्य अक्षर, धोतर आणि काळी टोपी. वार्षिक सभेत हिशेबाचा विषय आला की कुणीतरी हमखास उठून म्हणे, ‘‘गुरुजींचा हिशेब वाचायची गरज नाही. अभिनंदनाच्या ठरावासह मंजूर करू या.’’ गुरुजी शांतपणे उभे राहत. म्हणत, ‘‘आधी ऐका, मग शंका विचारा, आणि मग वेळ उरला तर अभिनंदन करा.’’ आणि ते सगळा हिशेब, मेणबत्त्यांच्या खर्चासकट, वाचून दाखवत. लोकांना कंटाळा येई. पण त्यांच्या हयातीत त्या मंडळीत पैशावरून कधी वाद झाला नाही. त्यांना मान किती मिळतो याची फिकीर नव्हती. आपल्यामागे येणाऱ्या खजिनदाराला कुणी न वाचता मंजूर करू नये, याची होती.

पण खरे बोलायचे ते कसे? ‘मी बुवा स्पष्टवक्ता’ असे म्हणून लोकांना बोचकारत फिरणारी माणसे प्रत्येक मंडळीत दोन-चार असतातच. त्यांच्या बोलण्यात खरेपणा असतो, पण समोरच्याचे भले व्हावे ही इच्छा नसते. या बाबतीत दाविद राजाला त्याची चूक दाखवणारा नाथान संदेष्टा मोठा शिकवून जातो. राजाने उरीयाच्या बायकोचा अभिलाष धरला आणि उरीयाला लढाईत मरू दिले. नाथानाने दरबारात आरडाओरडा केला नाही. त्याने राजाला एका गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगितली. ते कोकरू एका श्रीमंताने हिरावून घेतले हे ऐकून राजा खवळला, तेव्हा नाथानाने तो श्रीमंत कोण ते सांगितले. याच नाथानाची आधीची एक हकीकत आहे. मंदिर बांधण्याचा विचार राजाने बोलून दाखवला, तेव्हा नाथानाने चटकन होकार भरला होता आणि त्याच रात्री देवाकडून वेगळे कळल्यावर सकाळी जाऊन राजाला तसे सांगितले होते. राजापुढे एकदा ‘हो’ म्हटल्यावर परत जाऊन ‘नाही’ म्हणण्याची सवय त्याने तेव्हाच लावून घेतली असावी. मोठ्या प्रसंगी ती कामाला आली.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही नाथानाचे वारस आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. तिथल्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, शिकवले. पण उपकारकर्त्यांनी सांगितलेला प्रत्येक सिद्धान्त त्यांनी मान डोलावून स्वीकारला नाही. एका पुरोहितशाहीचे जू झुगारून आले ते दुसरीचे मानेवर घ्यायला नव्हे, या अर्थाचे त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना कळवले आणि तरीही हे नाते त्यांनी तोडले नाही. त्यांचा तो पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात वाचायला मिळतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनची वर्षानुवर्षे सेवा केली, पण परक्या मिशनऱ्यांच्या छत्राखाली इथला ख्रिस्ती माणूस मिंधा होतो, हे सांगायला ते कचरले नाहीत. 1917 साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर दोनच वर्षांनी ते गेले.

आणि लक्ष्मीबाई! 1934 सालापासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी वाचकांनी डोक्यावर घेतली. नवऱ्यावर एवढी माया करणारे पुस्तक मराठीत दुसरे शोधावे लागेल. पण त्या मायेत खुशामतीचा लवलेश नाही. टिळकांचा संताप, त्यांचा विसराळूपणा, घरात दमडी नसताना केलेले औदार्य, सगळे त्या सांगतात आणि हसत हसत सांगतात. आमच्याकडे स्मरणसभेत मृताविषयी अशी काही भाषणे होतात की आपण चुकून दुसऱ्याच्याच सभेला आलो की काय, असे वाटावे. लक्ष्मीबाईंनी टिळकांचे गुणदोष जसेच्या तसे ठेवले, म्हणून टिळक अजून आपल्या ओळखीचे वाटतात. मोठेपणाच्या गालिच्याखाली त्यांनी त्यांना दडपले असते तर ते कधीच विसरले गेले असते.

शेवटी कौतुकाचे काय? खुशामतीच्या भीतीने कौतुकच आटले तर मंडळी म्हणजे लेखापरीक्षकांची सभा होईल. पौलाचे रोमच्या मंडळीला लिहिलेले पत्र संपते ते नावांच्या लांबलचक यादीने. फिबी बाईने कितीकांना साहाय्य केले, अमुक दांपत्याने माझ्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, अमुक बाईने फार कष्ट घेतले. कितीतरी नावांपुढे काम आहे. बर्णबाचे खरे नाव योसेफ. लोकांना धीर आणि उत्तेजन देण्याच्या स्वभावामुळे प्रेषितांनी त्याला ते दुसरे नाव दिले. प्रकटीकरणात सात मंडळ्यांना लिहिलेली पत्रे आहेत. त्यांतल्या काहींत आधी चांगले काय ते नेमके सांगितले आहे आणि मग चुकले काय तेही. कौतुक असे नेमके असते. ‘छान झाले’ म्हणायला ऐकलेले असावे लागत नाही. ‘‘साहेब, धाकट्या मुलाच्या भावाबद्दल तुम्ही बोललात ते माझ्या घरचंच होतं,’’ असे म्हणायला मात्र जागे राहावे लागते.

दुसरी एक खूण मला आढळली आहे. खुशामत नेहमी वर चढते. ती पाळकाकडे जाते, बिशपांकडे जाते, देणगीदाराकडे आणि पुढाऱ्याकडे जाते. शनिवारी संध्याकाळी येऊन बाके पुसणाऱ्या बाईची खुशामत कुणी केल्याचे मी पाहिलेले नाही. पेटी वाजवणाऱ्या मुलाची, घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याची, चहाची भांडी घासणाऱ्या सुनांचीही नाही. त्यांच्याकडून आपल्याला काही मिळण्यासारखे नसते. म्हणून त्यांच्याशी बोललेला चांगला शब्द बहुधा खराच असतो. मुलांना स्तुती करायला शिकवायचे असेल तर त्यांना आधी अशा माणसांकडे न्यावे.

आमच्या उपासनेच्या क्रमात सुरुवातीलाच एक प्रार्थना असते. तिला पापांगीकाराची प्रार्थना म्हणतात. सगळी मंडळी खाली मान घालून एका आवाजात कबूल करते की आम्ही चुकलो आहोत, करायचे ते केले नाही आणि करायचे नव्हते ते केले. त्यात देणगीदारासाठी सौम्य शब्द नाहीत आणि बाके पुसणाऱ्या बाईसाठी कडक नाहीत. पाळकही तेच शब्द म्हणतो. त्या मिनिटभरात त्या छपराखाली कुणी कुणाला चढवत नाही आणि कुणी कुणाला पाडतही नाही. सगळे एका उंचीवर असतात. मग आपण मान वर करतो, शेजारचा माणूस दिसतो आणि त्याच्याशी काय बोलायचे ते त्या क्षणापासून आपल्या हाती असते.